खातं वर गेलं की सिबिल खाली येतं का?

गेल्या अंकात मी ओव्हरड्राफ्टबद्दल, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत उणे जाऊ देणाऱ्या खात्याबद्दल, ओझरतं लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांत एकच धास्ती दिसली: लिमिटच्या वर गेलो तर सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरचा स्कोअर) पडतं का? काणकोणपासून पेडण्यापर्यंत सगळे याच काळजीत. म्हणून हे सदर या खेपेस पूर्ण त्याच विषयाला दिलं आहे. बहुतेकांनी नावं छापू नका म्हणून बजावलं होतं. नावं छापलेली नाहीत, आणि दुकानं ओळखू येतील अशा खुणाही पुसल्या आहेत. मी बँकेत असताना ज्या गोष्टी काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येत नसत, त्या इथं बसून सांगते. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

म्हापशात माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांना माल उधारीवर जातो. राहत्या घरावर १५ लाखांचा ओव्हरड्राफ्ट आहे, व्याज ११ टक्के. मी जन्मात कधी लिमिटच्या वर चेक फाडला नाही. तरी पर्वरीच्या फ्लॅटसाठी गृहकर्ज मागायला गेलो तेव्हा दुसऱ्या बँकेनं ‘तुमचा ओव्हरड्राफ्ट अनियमित दिसतो, स्कोअर ६९० आहे’ म्हणून फाइल बाजूला ठेवली. माझा मॅनेजर म्हणतो, ‘थोडंफार चालतं हो.’ चालतं, तर मग स्कोअर का पडला?
– एक दुकानदार, म्हापसा

तुम्ही सोबत जोडलेला खातेउतारा पेन्सिल घेऊन वाचला. तुमचं म्हणणं खरं आहे, तुम्ही जास्तीचा चेक फाडलेला नाही. खातं वर नेलं ते व्याजानं.

जुलैभर तुमची बाकी १४,९५,०००वर जवळपास स्थिर आहे. म्हणजे लिमिटला फक्त पाच हजारांची जागा उरलेली. ३१ जुलैला महिन्याचं व्याज नावे पडलं, १३,९६७ रुपये. बाकी झाली १५,०८,९६७. त्या रात्री दिवसाचं काम बंद करताना बँकेच्या संगणकानं तुमचं खातं मर्यादेबाहेर धरलं आणि दिवस मोजायला सुरुवात केली. ऑगस्टच्या पानावर जमेच्या रकान्यात काहीच नाही. कारण तुम्हीच पत्रात लिहिलंय, हॉटेलवाले ‘चवथ झाल्यावर बघू’ म्हणत होते. ३० ऑगस्टच्या रात्री तीस दिवस भरले. ३१ला पुन्हा व्याज पडलं, यावेळी चौदा हजारांच्या वर. ४ सप्टेंबरला एका हॉटेलचे साठ हजार आले आणि खातं परत लिमिटच्या आत आलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे. ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटचं (मालावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाचं) खातं सलग तीस दिवसांहून जास्त लिमिटच्या वर राहिलं की त्यावर ‘एसएमए-१’ (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे लक्ष ठेवायचं खातं) असा शिक्का बसतो. साठ ओलांडले की ‘एसएमए-२’. आणि नव्वद झाले की खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’, म्हणजेच एनपीए, बँकेच्या लेखी थकीत कर्ज. यात रक्कम किती हे कुणी विचारत नाही. पंधरा लाखांवर तेवीस हजार म्हणजे दीड टक्का, पण संगणकाला पस्तीस दिवस दिसले. उलट, समजा तुम्ही दोन लाखांनी वर गेला असतात आणि चौथ्या दिवशी भरले असते, तर हा शिक्का बसलाच नसता. तीस दिवसांच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहू नका मात्र. थकलेली रक्कम आणि दिवस हे बँकेनं सिबिलसारख्या कंपन्यांना कळवायच्या माहितीत असतातच.

आता तारखांची गंमत पाहा. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवत. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला जाते, आणि त्यातली एक तारीख महिन्याची शेवटची असते. व्याजही पडतं ते महिनाअखेरीसच. म्हणजे ज्यांचं खातं काठोकाठ भरलेलं आहे, ते नेमके माहिती पाठवायच्या दिवशीच लिमिटच्या वर सापडतात. ‘एक तारखेला पैसे भरणारच होतो’ हे कुणाला ऐकू जात नाही.

यावर उपाय साधा आहे. पंचवीस तारखेला खात्यातली बाकी बघा, तिला व्याजाच्या दरानं गुणा, १२००नं भागा. तुमच्या बाबतीत १३,७०० रुपये येतात, बँकेच्या आकड्याच्या बरेच जवळ. तेवढी, आणि वर थोडी, जागा महिना संपण्याआधी खात्यात रिकामी हवी. शिवाय वर्षातून एकदा विम्याचा हप्ता, रिन्यूअलचं शुल्क, त्यावरचा जीएसटी हेही खात्यातूनच वजा होतात आणि बहुधा आगाऊ सांगून येत नाहीत. ती तारीखही कॅलेंडरवर मांडून ठेवा.

मॅनेजरच्या ‘चालतं’बद्दल. तो खोटं बोलत नव्हता. ओळखीच्या गिऱ्हाईकाचा चेक परत पाठवायचा नाही म्हणून मॅनेजर तो पास करतात, आणि हे शाखेत रोज होतं. पण तोंडी ‘चालतं’ म्हणजे मंजुरी नव्हे. हंगामापुरती जास्त रक्कम लागणार असेल तर अर्ज करून ॲडहॉक लिमिट मागा, किती आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लेखी घ्या. मग तेवढ्या मुदतीत तुमची मर्यादाच वाढलेली असते, ओलांडण्याचा प्रश्न येत नाही. मुदत संपली की मात्र त्याच दिवशी खाली या. दंडाचंही सांगून टाकते: २०२४ सालापासून बँकांना दंड ‘शुल्क’ म्हणूनच घ्यावा लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर अर्ज टाका.

स्कोअर नेमका किती गुणांनी पडला याचा हिशेब मी देणार नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्याकडे आहेत, ३०० ते ९००च्या मध्ये गुण देतात, आणि गुणांचं सूत्र कुणी उघड करत नाही. वेळेवर परतफेड हा त्यातला मोठा भाग, आणि मंजूर लिमिटपैकी सतत किती वापरता हाही एक. तुमचं दुसरं दुखणं इथंच आहे. वर्षभराच्या उताऱ्यात तुमची बाकी चौदा लाखांच्या खाली एकदाही आलेली नाही. खाजन शेतातल्या मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर होत राहतं, तसं ओव्हरड्राफ्टमध्ये पैसे यायला-जायला हवेत. तुमच्याकडे पाणी साचून राहिलंय. हा ओव्हरड्राफ्ट उरलेलाच नाही, हप्ता न भरता घेतलेलं कर्ज झालंय. बँकेकडे जा आणि सांगा की यातले सहा-सात लाख हप्त्याच्या कर्जात वळवा, उरलेल्या लिमिटवर मी धंदा फिरवतो. हप्ता सुरू होईल म्हणून जिवावर येईल, पण मुद्दल उतरेल.

फ्लॅटचं काय? खातं आता नियमित आहे असं पत्र शाखेकडून घ्या, चार-सहा महिने एकदाही वर जाऊ देऊ नका, मग अर्ज करा. दरम्यान ‘कुठंतरी होईल’ म्हणून पाच बँकांत फाइल टाकू नका. दर अर्जागणिक चौकशीची नोंद पडते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. अहवालात महिन्यांच्या चौकटी असतात, मागच्या ३६ महिन्यांच्या. ऑगस्टची चौकट त्यातून लगेच पुसली जाणार नाही. पण तिच्या पुढच्या चौकटी स्वच्छ असतील तर कर्ज देणारा अधिकारी ती बघून पुढं सरकतो. मीही सरकत असे.

सत्तरीत आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, हिशेब मी बघते. कॅश क्रेडिटची मंजुरी ३० लाखांची. खात्यात बाकी २४ लाख. तरी बँकेचा मेसेज येतो, ‘तुमच्या खात्यात १.५० लाखांचं जादा उचल आहे, त्वरित भरा.’ सहा लाख शिल्लक असताना जादा कशी? बँकेची चूक आहे ना?
– एक वाचिका, वाळपई

चूक नाही, ताई. तुमचं लिमिट ३० लाख हे मंजुरीपत्रावरचं. रोजच्या व्यवहारात बँक दुसरा आकडा पाहते, ड्रॉइंग पॉवर, शाखेच्या भाषेत ‘डीपी’. मंजुरी आणि डीपी यांत जो लहान, तो खरा.

डीपी तुमच्याच स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे मालाच्या मासिक हिशेबावरून, काढतात. मे महिन्याचं तुमचं स्टेटमेंट पाहा: काजू बिया आणि गर मिळून ५२ लाखांचा माल, बियांच्या विक्रेत्यांना ६ लाख देणं. ५२ वजा ६ म्हणजे ४६. त्यातून मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, २५ टक्के काढलं की साडेचौतीस लाख. मंजुरी तीसची, म्हणून तीस लाख उचलता येत होते. आता ताजं स्टेटमेंट: माल ३६ लाख, देणं तेच ६. उरले ३०, त्यातून २५ टक्के गेले, राहिले साडेबावीस. खात्यात २४ आहेत. दीड लाख वर. मेसेज बरोबर आहे.

पण खरा प्रश्न मेसेजचा नाही. माल ५२ वरून ३६वर आला म्हणजे सोळा लाखांचा माल विकला गेला. चवथीला, दिवाळीला गर चांगला खपला असणार. त्याचे पैसे कॅश क्रेडिटमध्ये यायला हवे होते. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की नवी सुकवणीची शेड बांधली. मला वाटतं, पैसे तिकडे गेले. मालाच्या पैशातून बांधकाम करणं ही आपल्या भागातल्या कारखानदारांची जुनी खोड आहे. शेडसाठी वेगळं मुदतीचं कर्ज मागा, बँका देतात. खेळतं भांडवल भिंतीत अडकवू नका.

दोन गोष्टी आणखी सांभाळा. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुनं झालं तर त्यावरची उचल रिझर्व्ह बँक अनियमितच धरते, माल गोदामात छतापर्यंत असला तरी. कारखान्यात हंगामात झोपायला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे, पण दर महिन्याचं ते एक पान चुकवू नका. दुसरं रिन्यूअल. ठरलेल्या तारखेपासून १८० दिवसांत लिमिटचं नूतनीकरण झालं नाही तर निव्वळ त्या कारणावरून खातं एनपीए होऊ शकतं. ताळेबंद सीएकडे अडकलाय हे कारण चालत नाही.

तुम्ही विचारलंय की कारखान्याचा स्कोअर ‘४’ आलाय, म्हणजे संपलंच का. नाही हो. धंद्यासाठी सिबिलची एमएसएमई रँक असते, १ ते १०, आणि तिथं १ सर्वांत चांगला. तुमचा ४ वाईट नाही. मात्र प्रोप्रायटर म्हणून तुमच्या यजमानांचा स्वतःचा अहवालही बँक बघतेच, तोही काढून ठेवा.

हरमलला माझा शॅक (किनाऱ्यावरचं मोसमी हॉटेल) आहे आणि मागं चार खोल्या. ५ लाखांच्या लिमिटमध्ये मी फक्त ३.८० लाख वापरले होते. मेअखेरीस शॅक उतरवला, सप्टेंबरात बँकेत गेलो तर खातं एनपीए! लिमिटच्या वर एक दिवसही गेलो नाही. हा अन्याय नाही का?
– एक शॅकवाला, पेडणे तालुका

अन्याय म्हणा, पण नियमात बसणारा आहे. लिमिटच्या वर जाणं हा ‘आउट ऑफ ऑर्डर’ होण्याचा एक रस्ता. दुसरा रस्ता असा: सलग नव्वद दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जे जमा झालं ते त्याच काळात लावलेल्या व्याजाइतकंही नाही, तरी खातं गेलंच. जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१. बेरीज ९२. नियमाला गोव्याचा पाऊस ठाऊक नाही.

मच्छीमारांचं यातून निभावतं. त्यांची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. ट्रॉलर ऑगस्टात समुद्रात गेला की पैसे येऊ लागतात. शेतीकर्जाला तर पिकाच्या हंगामाप्रमाणे वेगळा हिशेब आहे. पर्यटनाला नाही. किनाऱ्यावरचे शॅक, वॉटर स्पोर्ट्स, मोसमी गेस्ट हाऊस, सगळेच या ९२ दिवसांच्या कात्रीत येतात.

तुमच्या ३.८० लाखांवर १२ टक्क्यांनी महिन्याला ३,८०० रुपये व्याज होतं. एप्रिलात एका चांगल्या शनिवारी तुम्ही तेवढ्याचे किंगफिश विकत असाल. पुढच्या वर्षी मे संपण्याआधी चार महिन्यांच्या व्याजाएवढे, आणि वर थोडे, असे अठरा हजार बचत खात्यात बाजूला ठेवा. बँकेला स्थायी सूचना द्या: दर महिन्याच्या पाच तारखेला बचतीतून साडेचार हजार ओव्हरड्राफ्टमध्ये वळवा. मग पावसात तुम्ही गावी जा नाहीतर तीर्थयात्रेला, खातं जिवंत राहील.

आत्ता काय करायचं? थकलेलं सगळं व्याज एकदम भरा. थोडं भरून, ‘बाकीचं नाताळात’ म्हणून चालणार नाही. २०२१च्या परिपत्रकानंतर पूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं परत ‘स्टँडर्ड’, म्हणजे नियमित, होत नाही. भरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी अहवाल काढून ते बदललंय की नाही हे डोळ्यांनी बघा.

मेहुण्याच्या गॅरेजच्या ओव्हरड्राफ्टला मी जामीन आहे. त्याचं खातं सारखं वर जातं. मी सरकारी नोकर, स्वतःचं एक रुपयाचं कर्ज नाही. माझ्या सिबिलला त्याचं काय?
– एक वाचक, कुडचडे

बरंच काही. तुमच्या अहवालात ते खातं ‘जामीनदार’ म्हणून दिसतं, दिवसांच्या चौकटींसकट. आणि भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेनं आधी मेहुण्याच्या मागं लागावं, मग तुमच्याकडे यावं, असा क्रम कायद्यात नाही.

कुडचड्याला हे मी सांगायला नको. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मग २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द ठरवलं, तेव्हा ट्रकमालकांबरोबर त्यांचे जामीनदारही बँकेच्या बाकावर येऊन बसत. शिक्षक, पंचायत सचिव, कुणाची तरी आत्या. एकाही ट्रकचं चाक त्यांनी कधी फिरवलेलं नव्हतं.

जामिनकीतून निघता येतं का? ओव्हरड्राफ्टसारख्या चालू राहणाऱ्या जामिनकीला त्याच कायद्याचं कलम १३० लागू होतं. बँकेला लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागं घेता येते. नोटीस पोचली त्या दिवशी जेवढी बाकी असेल तेवढी मात्र तुमच्या डोक्यावर राहते. करारपत्रात याविषयी वेगळी अट घातलेली असते का ते वकिलाला दाखवून घ्या. नोटीस गेली की बँक बहुधा नवा जामीनदार मागेल, नाहीतर खातं गोठवेल, आणि घरी बायकोचा भाऊ बोलायचा बंद होईल. तुमचा निर्णय. मला विचाराल तर आधी एवढं करा: मेहुण्याला सांगा की खात्याचे एसएमएस तुझ्या फोनबरोबर माझ्याही फोनवर येऊ देत. त्याला नाही म्हणायचं असेल, तर तुम्हाला नोटीस पाठवायला कारण मिळालं.

माझ्या मुलीचं शिकत असतानाचं बचत खातं पडून होतं. आता त्यात ‘उणे १,१००’ दिसतात, किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल. ती बंगळुरूला नोकरीला लागली, तिचं सिबिल बिघडेल?
– एक आई, फोंडा

किमान शिल्लक न ठेवल्याचं शुल्क लावताना, फक्त त्या शुल्कापायी बचत खातं उणे होता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना केव्हाच बजावलं आहे. १ एप्रिल २०१५ पासून. बचत खातं हे कर्जही नव्हे. ‘हे शुल्क उलटवा आणि खातं बंद करा’ असा दोन ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या. कुणी ‘आधी ११०० भरा’ म्हणालं तर तक्रारीचा नंबर मागा. मुलीला एवढं विचारा, त्याच खात्याला जोडून ॲपवरून तिनं कधी छोटं पगारी ओव्हरड्राफ्ट घेतलंय का. घेतलं असेल तर ते कर्ज आहे, आणि वरचं सगळं लागू.

भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये स्विंडनला गेला. तिथल्या खात्यात ओव्हरड्राफ्टच्या वर गेला म्हणून बँकेचं पत्र आलं. इथं आम्ही डिचोलीत त्याच्या नावानं कर्ज काढून घर दुरुस्त करणार आहोत. अडेल का?
– एक मामा, डिचोली

तिकडची नोंद इकडच्या अहवालात येत नाही. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन ही नावं दोन्हीकडे दिसतात म्हणून लोकांना वाटतं वही एकच आहे. वह्या वेगळ्या आहेत. पण परदेशातल्या पगारावर कर्ज देताना काही बँका तिथला क्रेडिट अहवाल मागतात, तेव्हा ते पान उघडं पडतं.

भाच्याला सांगा, तिथं ठरवून घेतलेला ओव्हरड्राफ्ट आणि न ठरवता गेलेला, असे दोन प्रकार धरतात. ठरलेल्या मर्यादेत राहिला तर फारसं बिघडत नाही. न विचारता वर गेला, ते वारंवार झालं, किंवा थकवून ‘डिफॉल्ट’ लागला, तर ती नोंद सहा वर्षं राहते, आणि भाड्याच्या घरापासून फोनच्या प्लॅनपर्यंत तिथं सगळे ती फाइल बघतात. एक दिलासा: एप्रिल २०२० पासून तिथल्या नियामकानं न ठरवलेल्या ओव्हरड्राफ्टवर ठरवलेल्याहून जास्त दर लावायला आणि रोजचा-महिन्याचा ठरावीक दंड घ्यायला बंदी घातली आहे. तरी ब्रिटनमधले ओव्हरड्राफ्टचे व्याजदर ऐकले तर आपली बँक मायाळू वाटेल. त्यानं पत्र फेकून न देता बँकेला फोन करावा आणि मर्यादा रीतसर वाढवून घ्यावी किंवा फेड ठरवून घ्यावी. नवीन गेलेल्या मुलांना पत्र म्हणजे जाहिरात वाटते.

मी ओव्हरड्राफ्ट पूर्ण फेडून बंद केला, पत्रही आहे. अहवालात तो अजून चालू आणि थकलेला दिसतो. शाखा म्हणते, ‘सिबिलला लिहा.’ सिबिल म्हणतं, ‘बँकेला विचारतो.’
– एक निवृत्त शिक्षक, मडगाव

दोघांकडेही लिहा, एकाच दिवशी, बंद केल्याचं पत्र जोडून. सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तो आणि तारीख वहीत लिहा. दुरुस्तीला तीस दिवस. त्यापुढं प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ती मागावी लागू नये, आपोआप यावी, पण मागा. तरी हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. क्रेडिट कंपन्याही आता त्यांच्या कक्षेत येतात. चौकशीसाठी १४४४८ हा रिझर्व्ह बँकेचा क्रमांक आहे.

आणि गुरुजी, चारही कंपन्यांकडून वर्षातून एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. तुम्ही त्यासाठी एका ॲपला पैसे भरलेत असं दिसतं. सिबिलमध्ये चुकीची नोंद असेल तर बाकीच्या तीन ठिकाणीही असण्याची शक्यता धरा, सगळीकडे बघा.

स्वतःच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतला आहे. तोही वर गेला तर असंच सगळं होतं का?
– एक वाचिका, वास्को

एफडीची रक्कम आणि तिच्यावर साठलेलं व्याज मिळून कर्जाला पुरेसं मार्जिन शिल्लक असेल, तर अशा कर्जाला एनपीएच्या नियमातून सूट आहे. विमा पॉलिसी, एनएससी, किसान विकास पत्र यांच्यावरच्या कर्जालाही. सोन्यावरच्या कर्जाला नाही, हे लक्षात ठेवा. बऱ्याच जणी दोन्ही एकच समजतात. तुमची धोक्याची वेळ एकच: एफडीच्या नव्वद टक्के उचलून वर्षानुवर्षं व्याजही न भरणं. एफडीपेक्षा ओव्हरड्राफ्टचा दर जास्त असतो, त्यामुळे मार्जिन हळूहळू संपतं. ते संपत आलं की बँक पत्र पाठवते आणि मग एफडी मोडून वळती करते. तुमची मुदत पुढच्या मार्चला संपतेय असं लिहिलंय. त्याआधी शाखेत जाऊन आजची बाकी आणि आजची एफडीची किंमत एकाच कागदावर लिहून घ्या.